१८५५ ची प्रतवारी आणि २०१४ चे पेले: बोर्दोच्या सहा लाल वाइनची तुलना

फ्रान्समधल्या बोर्दो भागातल्या काही लाल वाइनच्या बाटल्यांवर 'ग्राँ क्रू क्लासे', म्हणजे 'प्रतवारीत बसलेला उत्तम मळा', या शब्दांशेजारी १८५५ हे साल छापलेले असते, आणि ते ना वाइनच्या वयाचे असते ना मळ्याच्या स्थापनेचे. ते एका यादीचे साल आहे. त्या वर्षी पॅरिसमध्ये तिसऱ्या नेपोलियनच्या पुढाकाराने जागतिक प्रदर्शन भरले होते. त्यात बोर्दोची वाइन मांडताना सोबत प्रतवारी असावी म्हणून तिथल्या व्यापारी मंडळाने दलालांच्या संघाकडे यादी मागितली, आणि संघाने ती दोन आठवड्यांच्या आत, १८ एप्रिल रोजी, लिहून दिली. इतक्या थोड्या वेळात ती देता आली याचे कारण साधे आहे. यादी करण्यासाठी कोणी वाइन चाखत बसले नव्हते. कोणत्या मळ्याची वाइन वर्षानुवर्षे कोणत्या भावाने उठते याच्या नोंदी दलालांच्या वह्यांत होत्याच, आणि त्या भावांची उतरंड म्हणजेच ती प्रतवारी. ज्या कागदाला आज जवळजवळ धर्मग्रंथाचा मान आहे तो मुळात बाजारभावाचा तक्ता आहे, हे ध्यानात ठेवून या वाइन चाखल्या तर तुलना अधिक रंगते, असा माझा अनुभव आहे.

लाल वाइनच्या यादीत आज एकसष्ट मळे आहेत: पहिल्या दर्जात पाच, दुसऱ्यात चौदा, तिसऱ्यात चौदा, चौथ्यात दहा आणि पाचव्यात अठरा. पेसाकजवळचा ओ-ब्रियाँ सोडला तर सगळे जिराँद खाडीच्या डाव्या काठावरच्या मेदॉक भागातले. पावणेदोनशे वर्षांच्या आसपासच्या या काळात यादीत ठळक बदल दोनच झाले. कांतमेर्ल हा मळा त्याच वर्षी थोड्या काळाने शेवटी जोडला गेला, आणि १८५५ मध्ये दुसऱ्या दर्जाच्या शिरोभागी असलेल्या मूटॉन-रॉथशिल्डला १९७३ मध्ये पहिला दर्जा मिळाला. त्या हुकमावर सही करणारे कृषिमंत्री झाक शिराक पुढे फ्रान्सचे राष्ट्राध्यक्ष झाले. दर्जा मळ्याच्या नावाला दिलेला आहे, जमिनीच्या तुकड्याला नाही. मालक बदलला, शेजाऱ्याकडून नवी जमीन विकत घेतली, जुनी विकून टाकली, तरी नावापुढचा आकडा तसाच राहतो. फ्रान्सच्याच बर्गंडी या वाइनच्या प्रदेशात मान जमिनीला असतो, तिथे हे चालले नसते.

ज्या चाखणीचे हे परीक्षण आहे ती बोर्दो शहरातल्या शार्त्राँ भागात, म्हणजे जुन्या वाइन व्यापाऱ्यांच्या वखारी असलेल्या वस्तीत, एका दुकानाच्या तळघरात झाली. एकाच सालच्या सहा प्रतप्राप्त वाइन, बाटल्या कागदात गुंडाळलेल्या, कोणत्या सहा हे सगळ्यांना ठाऊक पण क्रम फक्त ओतणाऱ्याला ठाऊक, अशी रचना होती. साल २०१४ हे निवडले होते आणि ती निवड मला फार योग्य वाटली. २०१४ चा उन्हाळा थंड आणि ओलसर गेला, ऑगस्टपर्यंत शेतकरी काळजीत होते, आणि मग सप्टेंबर व ऑक्टोबरमध्ये लांबलचक कोरडी उघडीप मिळाली. मेर्लो हे द्राक्ष लवकर पिकते, कॅबर्ने सोव्हिन्याँ उशिरा, त्यामुळे या उघडिपीचा खरा लाभ कॅबर्नेला झाला. शिवाय मेदॉकच्या उत्तर भागात दक्षिणेपेक्षा पाऊस कमी पडला. २००९ किंवा २०१० सारख्या गाजलेल्या सालांमध्ये जवळपास सगळेच उत्तीर्ण होतात. मळ्यामळ्यांतला फरक पाहायचा असेल तर २०१४ सारखे, चांगले पण उदार नसलेले साल हवे. दहा वर्षांहून अधिक वय झाल्याने तुरटपणाची धारही आता पुरेशी बोथटली आहे.

व्यवस्थेबद्दल थोडक्यात. पेले मोठे आणि स्वच्छ होते, प्रत्येक वाइन दोन तास आधी सुरईत ओतून हवेशी राहू दिली होती, सोबत बिनमसाल्याचा पाव आणि पाणी होते, आणि प्रत्येकापुढे पिकदाणी ठेवली होती, जिचा वापर सुरुवातीला सगळे संकोचाने आणि तिसऱ्या पेल्यानंतर मोकळेपणाने करू लागले. तक्रारी दोन. तळघर असूनही खोली तापलेली होती, आणि सोळा ते अठरा अंशांवर जी वाइन नेटकी लागते ती बावीसला सैल लागते, मद्यार्काची ऊब नाकात आधी शिरते. दुसरे, एका बाटलीचे बूच बाधलेले निघाले. ओल्या पुठ्ठ्याचा तो वास एकदा ओळखीचा झाला की विसरता येत नाही, तरी यजमानांनी 'थोडी हवा लागू द्या, जाईल' असे सांगून पाहिले. तो वास हवेने जात नाही, वाढतो. बाटली शेवटी बदलून मिळाली, पण एवढे पैसे घेणाऱ्या दुकानाने ती ओतण्याआधीच हुंगून पाहायला हवी होती.

आता वाइनकडे. दक्षिणेकडून उत्तरेकडे जाऊ, कारण मेदॉक समजून घ्यायला दर्जाच्या क्रमापेक्षा हा क्रम उपयोगी पडतो.

कांतमेर्ल, पाचवा दर्जा, माको गावचा. यादीत उशिरा येण्याचे कारण असे सांगितले जाते की या मळ्याची वाइन बोर्दोच्या दलालांना वगळून थेट डच व्यापाऱ्यांकडे जात असे. दलालांच्या वहीत भाव नाही, म्हणून यादीत नाव नाही. मालकीणबाईंनी हिशेब पुढे ठेवले तेव्हा नाव शेवटी लिहून घेतले गेले. पेल्यातली वाइन हलक्या अंगाची, फुलांच्या वासाची, लाल फळांच्या चवीची आणि नेमक्या आंबटपणाची होती. गिळल्यावर चव फार रेंगाळत नाही. सहांत हीच सर्वांत स्वस्त, दुकानात साधारण चाळीस युरोंच्या आसपास, आणि जेवणासोबत आज रात्री उघडायला हीच सर्वांत सोपी. तिला खोली नाही असे शेजारी बसलेले एक गृहस्थ म्हणाले. मला ते बरोबर वाटले, पण त्यांचा पेला सर्वांत आधी रिकामा झाला हेही मी पाहिले.

जिस्कूर, तिसरा दर्जा, मार्गो विभागातल्या लाबार्दचा. मार्गोच्या वाइनला नाजूक, सुगंधी म्हणण्याची प्रथा आहे, पण हा मळा त्या विभागात थोडा धिप्पाडच. काळ्या फळांची भरीव चव, मधोमध किंचित मातकटपणा, आणि शेवटाला थोडा रुक्ष तुरटपणा. दक्षिणेकडे त्या वर्षी झालेला जादा पाऊस इथे जाणवला असे मला वाटले. चांगली वाइन, पण या सहांच्या पंगतीत ती कोणाच्याच पहिल्या तिघांत आली नाही.

खरी मेजवानी सँ-ज्युलियाँपासून सुरू होते. या लहानशा गावात पहिल्या दर्जाचा एकही मळा नाही, पण दुसऱ्यापासून चौथ्यापर्यंतचे अकरा आहेत. इथली खडीची जमीन पाणी झटकन खाली सोडते आणि दिवसाची ऊब रात्रीपर्यंत धरून ठेवते, आणि उशिरा पिकणाऱ्या कॅबर्नेला हेच हवे असते. चाखणीत इथल्या दोन वाइन होत्या, लांगोआ-बार्टन आणि लेओव्हिल-बार्टन, आणि संपूर्ण संध्याकाळीचा सर्वांत शिकवणारा भाग हाच होता. बार्टन हे मूळचे आयरिश घराणे. ह्यू बार्टन यांनी १८२१ मध्ये लांगोआ घेतला आणि १८२६ मध्ये शेजारच्या लेओव्हिलचा एक भाग. लेओव्हिल हा फ्रेंच राज्यक्रांतीपूर्वी मेदॉकमधला एक अवाढव्य मळा होता. क्रांतीनंतरच्या उलथापालथीत त्याचे तीन तुकडे झाले, आणि ते तिन्ही आज लास-काझ, प्वाफेरे आणि बार्टन या नावांनी दुसऱ्या दर्जात आहेत. बार्टन घराण्याच्या तुकड्याबरोबर वाडा किंवा वखार आली नाही, म्हणून लेओव्हिल-बार्टनची वाइन पिढ्यान्‌पिढ्या लांगोआच्याच तळघरात तयार होत आली. तिच्या लेबलावर दिसणारा वाडादेखील लांगोआचाच आहे. १८५५ च्या आधीपासून आजतागायत एकाच घराण्याकडे राहिलेले मळे या यादीत अगदी मोजके आहेत, त्यांत हे दोन येतात.

म्हणजे मालक एक, कारागीर एक, तळघर एक, साल एक, आणि दर्जा मात्र एकाचा तिसरा, दुसऱ्याचा दुसरा. दलालांच्या वहीची परीक्षा घ्यायला यापेक्षा चांगली जोडी मिळणार नाही. लांगोआमध्ये मेर्लोचा वाटा अधिक असतो आणि ते लगेच कळले: वाइन गोलसर, मोकळी, पहिल्या घोटातच बोलती. काळ्या मनुकांचा गाभा, थोडी तंबाखूच्या सुक्या पानांची झाक, तुरटपणा बारीक दळलेला. तिच्यात न आवडण्यासारखे काही नव्हते. पण पुढचा पेला लेओव्हिलचा निघाला आणि जिभेवर तेच कुटुंब वेगळ्याच उंचीवर उभे असल्याचे जाणवले. वास सुरुवातीला कमी, जवळजवळ अबोल. घोट घेतल्यावर फळ, आंबटपणा आणि तुरटपणा यांतले काहीही पुढे धावले नाही. तिन्ही एका रेषेत, शिस्तीत, आणि गिळल्यानंतर ती रेष कितीतरी वेळ चालूच राहिली. ब्लॅककरंट म्हटले की आपल्याकडे आइस्क्रीमची गोड चव आठवते. इथे ते फळ पिकलेले असूनही कोरडे होते, सालीसकट चावलेल्या जांभळासारखे. वीस मिनिटांनी देवदाराचा वास वर आला आणि मग गेला नाही. मी याच वाइनला संध्याकाळीत पहिला क्रमांक दिला.

दीडशेहून अधिक वर्षांपूर्वीच्या दलालांना या दोन जमिनींतला फरक पैशांत मोजता आला होता, आणि तो आजही चाखता येतो, ही गोष्ट मला थक्क करणारी वाटते. मात्र फरकाचे माप नीट सांगायला हवे. लेओव्हिल-बार्टन त्या दुकानात लांगोआच्या दीडपटीच्या आसपास भावाला होती. वाइन दीडपट चांगली होती का? नाही. ती अधिक काळ टिकणारी आणि अधिक खोल होती; ज्याला बाटली आणखी दहा वर्षे सांभाळायची सोय किंवा संयम नाही त्याने लांगोआ घ्यावी आणि उरलेल्या पैशांत चांगला चीज घ्यावा.

लिंच-बाज, पोयाक, पाचवा दर्जा. दलालांचा तक्ता इथे सपशेल मागे पडतो. लाफित, लातूर आणि मूटॉन हे पहिल्या दर्जाचे तिन्ही मळे ज्या पोयाकमध्ये आहेत तिथलाच हा मळा, आणि एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर त्याचा भाव पाचव्या दर्जाचा होता, एवढाच त्या आकड्याचा अर्थ. विसाव्या शतकात काझ घराण्याने, विशेषतः झाँ-मिशेल काझ यांनी, त्याला अशा जागी नेऊन ठेवले की आज बाजार त्याच्यासाठी दुसऱ्या दर्जाचे पैसे मोजतो आणि कुरकुरत नाही. १९८५ मध्ये बोर्दोचेच अंतराळवीर पात्रिक बोद्री यांनी डिस्कव्हरी यानातून १९७५ सालच्या लिंच-बाजची अर्धी बाटली सोबत नेली होती, यावरूनही गावाला तिचा किती अभिमान आहे ते कळते. आमच्या चाखणीत 'यांतली दुसऱ्या दर्जाची कोणती' असे विचारल्यावर सर्वाधिक बोटे हिच्याकडे वळली. पेन्सिलला टोक करताना येणारा वास, ज्याला पोयाकची खूण मानतात, तो इथे अगदी पाठ्यपुस्तकातला होता. अंग भरदार, तुरटपणा दाट पण गुळगुळीत, आणि एक मोकळा दिलदारपणा, जो लेओव्हिलमध्ये नव्हता. माझ्या टिपणात ती दुसरी आली. ज्यांनी तिला पहिली दिली त्यांच्याशी वाद घालावासा मला वाटला नाही. तक्रार असलीच तर भावाची. शंभर युरोंच्या पुष्कळ पलीकडे गेलेल्या वाइनला पाचव्या दर्जातली लपलेली संधी म्हणणे आता हास्यास्पद आहे, तरी विक्रेते अजून म्हणतात.

शेवटची कॉस देस्तुर्नेल, सँत-एस्तेफ, दुसरा दर्जा. या मळ्याशी भारताचा जुना संबंध आहे. संस्थापक लुई-गास्पार देस्तुर्नेल यांनी आपली वाइन जहाजाने भारतात पाठवली, आणि जी न विकता परत आली ती समुद्रप्रवासाने सुधारली आहे असे सांगून 'भारताहून परतलेली' या शिक्क्यानिशी चढ्या भावाने विकली. परतलेला माल असा खपवणाऱ्या माणसाला व्यापार शिकवण्याची गरज नसावी. लाफितच्या हद्दीसमोरच्या टेकाडावर त्यांनी पॅगोड्यांची वखार उभारली, जिला झांझिबारहून आणलेले कोरीव लाकडी दार आहे. लोक तिला राजवाडा समजतात, पण तिथे पिंपांखेरीज कोणी राहत नव्हते. देस्तुर्नेल यांना लोक 'सँत-एस्तेफचे महाराजा' म्हणत. हा डौल कर्जाने संपला आणि १८५२ मध्ये मळा विकावा लागला. पुढच्याच वर्षी ते वारले, म्हणजे आपल्या वाइनला मिळालेला दुसरा दर्जा त्यांनी पाहिला नाही.

सँत-एस्तेफच्या जमिनीत खडीबरोबर चिकणमाती अधिक आहे. ती पाणी धरते, आणि वाइनला जाड अंग देते. कॉसच्या पेल्यात प्रथम मसाल्याचा आणि नव्या ओकचा वास आला, फळ मागे राहिले, तुरटपणा हिरड्यांवर बसला. पहिल्या फेरीत तिला मी चौथी ठेवली होती. तासाभराने पुन्हा ओतली तेव्हा ओक मागे सरकला होता, काळे फळ वर आले होते, आणि सहांपैकी कोणतीच वाइन पेल्यात इतकी बदलली नव्हती. मी तिला तिसरी केली. ती आज पिण्याची वाइन नाही. दोन तासांची हवा तिला अपुरी पडली आणि आणखी पाच-सहा वर्षे मिळाल्याशिवाय तिच्याबद्दल शेवटचे मत देणे अन्यायाचे होईल.

तर माझा क्रम असा: लेओव्हिल-बार्टन, लिंच-बाज, कॉस देस्तुर्नेल, लांगोआ-बार्टन, जिस्कूर, कांतमेर्ल. दर्जाच्या आकड्यांत सांगायचे तर दोन, पाच, दोन, तीन, तीन, पाच. लिंच-बाजला बाजूला काढले तर दलाल पूर्ण बरोबर ठरतात, आणि ठेवले तर यादी थट्टेचा विषय होते. माझ्या मते यादीचा उपयोग एवढाच की या मळ्यांखाली चांगली जमीन होती आणि तिच्यासाठी लोक जास्त पैसे देत होते, याची ती जुनी साक्ष आहे. आज ती जमीन कोण कसतो हे यादी सांगत नाही. यादी वेळोवेळी सुधारावी असे सुचवणाऱ्यांनी बोर्दोच्याच उजव्या काठाकडच्या सँतेमिलियाँकडे पाहावे: तिथली १९५५ ची प्रतवारी साधारण दर दहा वर्षांनी नव्याने होते, तिच्यावरून खटले झाले, आणि २०२२ च्या फेरीआधी ओझोन, शव्हाल-ब्लाँ आणि आँजेल्युस या अग्रगण्य मळ्यांनी त्यातून अंग काढून घेतले. शेजारच्या पोमरोल विभागाला प्रतवारीच नाही आणि तिथल्या पेत्रुसचे काही बिघडलेले नाही. मेदॉकची यादी कालबाह्य आहे, पण निदान कोणी तिच्यासाठी भांडत नाही.

नाशिकच्या लाल वाइनची सवय असलेल्या वाचकांसाठी दोन गोष्टी. नाशिककडची द्राक्षे उन्हाळ्याच्या तोंडावर, फेब्रुवारी-मार्चच्या सुमारास तोडली जातात, फळ पूर्ण पिकते, आणि तिथल्या बहुतेक वाइन लगेच पिण्यासाठी केलेल्या असतात. त्या जिभेने मेदॉकचा पहिला घोट घेतला तर तो कडक, थोडा नाखूश लागेल. बाटली दोन-तीन तास आधी उघडावी, सुरईत ओतावी आणि सोबत मटण असावे, पण तिखट बेताचे, कारण मिरची तुरटपणाला कडू करते. दुसरे, मुंबई-पुण्याच्या उकाड्यात ही वाइन कपाटात वर्षानुवर्षे ठेवू नये. थंड साठवणीची सोय नसेल तर लेओव्हिल आणि कॉस घेण्यात अर्थ नाही. भारतात शुल्क आणि राज्याचे कर चढून यांचे भाव मूळ किमतीपासून फार दूर जातात, त्यामुळे शक्य असेल तर परदेशातून येताना कायद्याने मुभा असलेल्या मर्यादेत आणावी. दोन बाटल्यांची जागा असेल तर मी दोन्ही लांगोआ-बार्टन २०१४ घेईन. एक या हिवाळ्यात उघडण्यासाठी आणि दुसरी, फ्रिजचा खालचा कप्पा घरच्यांनी सोडला तर, आणखी तीन-चार वर्षांनी.